डफी निगेटिव्ह

रात्रपाळीला, बार्न्सलीच्या लॅबमध्ये
माणसं दिसत नाहीत मला, नावं दिसतात.
केल. किड. डफी. लुथरन.
जिन्याखालच्या टपालपेट्यांवर असतात तशी
नुसती आडनावं, आत कोण राहतं कळत नाही.
कुणी बाळंतीण होती,
कुणाला रक्त पुन्हा पुन्हा चढवावं लागे,
त्यांच्या रक्ताचं कोडं सुटलं
आणि कोड्याला त्यांचंच नाव पडलं.
लुथरन तर म्हणे चुकून.
बाटलीवरचं अक्षर कुणाला लागलं नाही,
जे वाचलं तेच कायम झालं.

माझ्या बिल्ल्यावर ‘दयानंदा’ आहे.
मी ज्ञानदा. ज्ञानदा परुळेकर, मुक्काम कुडाळ.
पहिल्या वर्षी तीनदा अर्ज दिला दुरुस्तीचा.
तिसऱ्यांदा ‘दिन्याडा’ होऊन आला,
तेव्हा दयानंदच बरा वाटला.

गॅरेथनं रुजू झाल्याच्या दिवशीच विचारलेलं,
तिकडची ना तू? मग बॉम्बे ग्रुपची असशील!
हौसेनं तपासलं माझं रक्त,
परगावाहून आलेला डबा उघडावा तसं.
बी पॉझिटिव्ह.
डफी जागच्या जागी, किड जागच्या जागी,
चारचौघींसारखं सगळं.
त्याचा चेहरा पडला.
माझाही. खोटं कशाला बोलू.

काल तीनच्या सुमारास शेफील्डहून फोन.
सिकल सेल, वय एकोणीस.
लहानपणापासून इतक्या परक्यांचं रक्त घेतलंय पोरीनं
की शरीर आता पाहुणे ओळखायला शिकलंय,
उंबऱ्यावरूनच परत पाठवतं.
थेंबात थेंब मिसळते, फिरवते, उजेडाकडे धरते.
गुठळी.
गुठळी.
ही बारीक, नासायला लागलेल्या दुधासारखी.
पुन्हा गुठळी.
पहाटे दोन पिशव्या जुळल्या, डफी नसलेल्या.
दोन्हींवर फक्त क्रमांक. एकीवर हडर्सफील्ड.

डफी म्हणजे तांबड्या पेशीच्या दाराची कडी.
हिवतापाचा एक जंतू तीच धरून आत शिरतो.
आफ्रिकेत फार पिढ्यांपूर्वी
कित्येकांच्या दाराची ती कडीच गेली.
ताप आला, चाचपडला, निघून गेला.
आमची कडी शाबूत.
सातवीत असताना तीन गोधड्यांखाली
माझे दात वाजत होते,
आणि आई कोरा चहा घेऊन पायाशी बसलेली,
माझं हुडहुडणं थांबायची वाट बघत.

आज शनिवार. हडर्सफील्डच्या मेथडिस्ट हॉलमध्ये
बॅडमिंटनच्या रेषांवर खाटा मांडल्यात.
माझं साधंसुधं रक्त द्यायला मीही आलेय.
शेजारच्या खाटेवर एक आजोबा,
बस डेपोचं जाकीट, मुठीत रबरी चेंडू.
मला फोन करून बोलावतात, ते म्हणाले,
कौतुकानं नाही, जरा वैतागूनच.
माझ्यात काहीतरी नाहीये म्हणे,
आणि ते नसलेलंच हवं असतं यांना.

मी गप्प. नियम आहेत.
पिशवी डुलत होती, पाळण्याला झोका द्यावा तशी.

कॅरियाकूचा मी. बेट आहे,
नकाशावर माशी बसली तर झाकून जाईल.
सात भावंडं आम्ही, सातही अशीच असणार.
तिथं कुणी दुर्मिळ नव्हतं, बाई.
तिथं मी नुसता मॅथुरिनचा पाचवा.

मग चहा. कागदी बशीत दोन बिस्किटं.
त्यांनी बिल्ला नसलेल्या माझ्या ओढणीकडे पाहून
नाव विचारलं. सांगितलं.
न्या… ग्या… थांबा, म्हणाले, सावकाश सांगा,
आणि कानामागे हात धरून पुढे वाकले.
त्या दंडावरची कापसाची बोळी थोडी लाल झाली होती.

अवघड आहे, ते म्हणाले.

नाही हो, मी म्हणाले,
आमच्या वर्गात दोघी होत्या.
मला धाकटी ज्ञानदा म्हणत.