सातवा रकाना

तळाशीलला रस्ता एकच,
एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी.
मधल्या वाळूच्या पट्टीवर आमची अंगणवाडी,
सतरा मुलं, एक वजनकाटा
आणि मी, बाई.

आषाढातली गोष्ट. होड्या वर ओढलेल्या.
गौरांग खोबरेकरने होडी काढली
निळ्या खडूने, कागद फाटेस्तोवर दाबून.
मी वरून म्हणाले, वरूनच, उभ्या उभ्या,
हातात खिचडीचा डाव होता,
"अरे, उलटी काढलीस. होडी अशी असते होय?"
पोरं हसली. पोरं हसतातच.
मीही हसले, हे मात्र लिहायला हवं.

त्याने कागद पालथा घातला
आणि त्यावर बसला.

मग अकरा दिवस
खडू दिला की तो पुढच्या मुलाला द्यायचा.
गोष्टीत वाघ आला तरी दचकेना.
"कोण सांगेल?" विचारलं की
चड्डीच्या नाडीचं टोक चघळत बसे.
महिनाअखेरीस तालुक्याहून फॉर्म आला.
वजन, उंची, दंडाचा घेर.
सातवा रकाना, आत्मविश्वास:
चांगला, मध्यम, कमी.
मी पेन्सिलीने 'कमी'वर खूण केली.
माप घेतलं मी मुलाचं
माझ्याच हाताने कापून झाल्यावर.

आहाराची पाकिटं द्यायला त्याच्या घरी गेले.
पडवीत बाप जाळं सांधत होता
आणि हा शेजारी, दोरीच्या तुकड्याला गाठ मारत.
गाठ सुटली.
बाप मान वर न करता म्हणाला,
"सुटली? सुटांदे. परत बांद."
पुन्हा सुटली.
"सुटांदे."
आवाज तोच. न चढलेला, न गोड केलेला.
चौथ्यांदा का पाचव्यांदा बसली गाठ.
बापाने ओढून पाहिली, जोर लावून,
लहान मुलाची म्हणून हलकी नाही ओढली,
आणि म्हणाला, "हां."
एवढंच. एक 'हां'.
प्रशिक्षणात तीन दिवस
आम्हाला टाळ्या वाजवायला शिकवलं होतं.

बाहेर पडले तर माडांखाली
झापांनी शाकारलेली होडी.
तळ आभाळाकडे.
पाच वर्षांच्या डोळ्यांनी
उठल्या उठल्या रोज पाहिलेली,
उलटी.

दुसऱ्या दिवशी मी खाली बसले.
गुडघा कुरकुरला, तरी बसले, त्याच्या उंचीला.
म्हटलं, "गौरांग, तुझी होडी बरोबर होती.
मी नीट बघितलं नाही. चुकलं माझं."
तो काही बोलला नाही.
मला वाटलं होतं, हसेल, गळ्यात पडेल.
मुलं आपल्या सोयीने माफ करत नाहीत.

खिचडी झाली, ताटल्या धुऊन झाल्या,
तेव्हा खडू घेऊन आला.
"बाई, तुमी काडा."
मी काढली. सुलटी. नाळ, शीड, वल्हं,
सगळं घालून तिची चप्पल झाली.
त्याने बराच वेळ पाहिली.
मी, बावन्न वर्षांची,
श्वास धरून.
"बरी हा," तो म्हणाला.
"फुडल्या येळाक आजून बरी जमतली."

नारळी पुनवेच्या सकाळी नऊ माणसांनी होडी सुलटी केली.
गौरांग आकडे म्हणत होता, एक, दोन, तीन, पाच,
आणि पाचला सगळ्यांनी जोर लावला.
चाराची आठवण कुणी काढली नाही.

फॉर्म तसाच आहे, कपाटात.
सातव्या रकान्यातली खूण
खोडरबराने घासून घासून
कागद तिथे विरलाय, पलीकडचं दिसतं.
तालुक्याहून फोन येतो,
"बाई, तुमची एक नोंद अपुरी आहे."
हो, म्हणते मी.
अपुरीच आहे.