नळ आणि टाकी

एक नळ टाकी भरतो सहा तासांत,
दुसरा नऊ,
खालची तोटी बारा तासांत रिकामी करते.
तिन्ही एकदम सुरू केले तर?

कुठल्या गावात, सर?
विचारावंसं वाटतं कोटलवार सरांना.
आमच्या लातुरात नळाला आठव्या दिवशी पाणी येतं,
कधी दहाव्या,
कधी नुसती हवा येते, खाकरल्यासारखी.
मी वहीत लिहिते:
पाच पूर्णांक एक सप्तमांश तास.

औसा रोडच्या प्रत्येक जिन्यावर
डॉक्टर होणाऱ्या पोरांच्या चपला.
मी तेवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली.
एमबीएची सीईटी देतेय म्हटलं
की लोक हळू आवाजात "बरं बरं" म्हणतात,
तब्येतीची चौकशी केल्यासारखं.

परवाच्या सराव परीक्षेत गणितात
पन्नासपैकी एकोणीस.
आपल्या भाषेत हे एक बरंय,
आधी काय कमी पडलं ते सांगून टाकते
आणि मग आकडा.
आईच्या खानावळीचे डबेही एकोणचाळीस.
चाळिसावा मुलगा दिवाळीला घरी गेला,
परत आला नाही.

काळ-काम-वेगाचं प्रकरण मी ओट्याशेजारी बसून करते.
आई दोन तासांत साठ भाकरी थापते,
जमीला मावशी अडीच तासांत.
पुस्तकातल्या बायकांचं मनगट भरून येत नाही,
कुणाला मध्येच फोन येत नाही माहेरचा.
मिश्रणाचं प्रकरण मात्र खोलीत, दार लावून.
"पाच लिटर ताकात किती पाणी मिसळल्यास…"
हे आईसमोर मोठ्यानं वाचणं
बरं दिसत नाही.

गोलाईतून क्लासला जाताना
रोज एकच गणित पाठीमागे लागतं:
सोळा रस्ते, एक वर्तुळ,
दोन रस्त्यांत साडेबावीस अंश.
एवढं नेमकं येतं मला,
आणि तरी एकदा चुकून
भांड्यांच्या गल्लीऐवजी चपलांच्या गल्लीत शिरले होते.

शिवलिंग आप्पा, अडतीवरचे म्हातारे मापाडी,
रात्री उशिरा जेवायला येतात.
माझी वही उलटी धरून बघतात.
"औटकी येती का तुला?"
औट म्हणजे साडेतीन.
मला औट फक्त घटकेपुरतं माहीत, राज्य असतं ते.
"औट एके औट,
औट दुणे सात,
औट त्रिक साडेदहा,"
आप्पा म्हणत जातात,
भाकरीचा तुकडा बोटांत तसाच,
आणि आमटी गार होते.

मंगळवारी रात्री दोनला
नळ खाकरला.
"ऊठ गं, पाणी आलंय!"
कळशी, घागर, कुकर, पिंप,
जमेल ते दाराशी.
मी फोनवरचं घड्याळ लावलं.
वीस लिटरची बादली
बरोबर साडेतीन मिनिटांत.
"काय करलालीस?
बादली सरकव की!"

हजार लिटरची टाकी, पन्नास बादल्या,
औट पन्नास…
एकशे पंच्याहत्तर.
तीन तासाला पाच मिनिटं कमी.
कागद नाही, पेन नाही,
ओल्या हातांनी, अंधारात.
आईला सांगितलं.
ती म्हणाली, "तितकी कुठली थांबतीय ती?"

नाहीच थांबली.
दीड तासानं धार बारीक झाली,
मग थेंब,
मग पुन्हा ती हवा.
टाकीत डोकावून बघितलं,
अर्ध्याच्या जरा वर.
ते उत्तरही बरोबर आलं होतं माझं,
पाचशे चौदा लिटर, जवळपास,
पण हा पर्याय
अ, ब, क, ड, कशातच नसतो.

पहाटे चारला आईनं चूल पेटवली,
मी पुढचं प्रकरण उघडलं.
दोनशे मीटर लांबीची आगगाडी
एक फलाट ओलांडते.
मला आठवली
लहानपणी बघायला गेलेली ती गाडी,
डब्यांऐवजी टाक्या, टाक्या, टाक्या,
आणि मी एकेक मोजत,
आईच्या कडेवर नाही, चांगली बारा वर्षांची,
मध्येच कुणीतरी हाक मारली
आणि आकडा चुकला.

गाडीचा वेग काढा.
काढते.