शेवटचा त

मंगळवारी संध्याकाळी सहाला,
बूलोन्यच्या बंदरात, मासळीच्या गोदामावरच्या खोलीत
मी एकच क्रियापद फळ्यावर सहा वेळा लिहिते.
चौतीस वर्षं टपालखात्यात पत्रं निवडली,
आता प्रत्यय निवडते.

बोलणे. मी, तू, तो, ते.
लिहिताना शेपट्या वेगवेगळ्या,
वाचताना पार्ल, पार्ल, पार्ल, पार्ल.
"मग ही अक्षरं कशाला, मादाम ओदील?"
झुराब दिवसभर ट्रकखाली उताणा असतो,
त्याला जास्तीचा एक नटसुद्धा खपत नाही.
अनेकवचन आहे ते, मी म्हणते.
असतं, पण ऐकू येत नाही.
"म्हणजे रात्रपाळी," तो म्हणतो.
वर्ग हसतो.
मी जरा उशिरा हसते.

मग ओठांचा तास.
ऊ म्हणायला काढता तसे ओठ पुढे काढा
आणि आत, कुणाला कळू न देता, ई म्हणा.
नस्रत एकोणीस वर्षांचा. त्याला हसू फुटतं,
ओठ सैल पडतात
आणि 'तू'चा अर्थ 'सगळं' होतो.
"होतं असं कधी कधी," अब्देलमुला म्हणतो
आणि बोटातली अंगठी फिरवत राहतो.

र घशातून येतो, काटा अडकल्यासारखा.
तो मला शिकवावा लागत नाही.

'ते आहेत' आणि 'त्यांच्याकडे आहे'
यांत एका माशीच्या गुणगुणण्याएवढं अंतर:
इल सों. इल्झों.
गेल्या महिन्यात कचेरीत अब्देलमुलाला मुलांविषयी विचारलं.
ती आहेत, एवढंच सांगायचं होतं त्याला.
माशी मध्येच शिरली.
काचेपलीकडच्या बाईने मान वर न करता विचारलं,
"काय आहे त्यांच्याकडे?"
त्याच्याकडे तेवढे शब्द नव्हते.

आज भूतकाळ.
खाल्लं, विकलं, पोहलो, पळालो
ही सगळी 'जवळ असणे'च्या खात्यात जातात.
येणे, जाणे, उरणे, पडणे, जन्मणे, मरणे
नुसत्या 'असणे'च्या.
लेतेब्रहान हात वर करते.
मनगटावर हेरिंगचे खवले, घड्याळाच्या पट्ट्याखालीसुद्धा.
"मरणे 'असणे'त कसं?"
माझ्या पुस्तकात यादी आहे, कारण नाही.
ते पाठ करायचं, मी म्हणते. टपालाचे क्रमांक असतात तसं.

आणि बोलणारी बाई असेल तर
शेवटी एक मुकं अक्षर जोडायचं.
"ऐकू येत नाही तरी?"
तरी.
ती खाली मान घालून जोडते.
मी आले, अधिक एक.
मी राहिले, अधिक एक.
माझी बहीण निघाली, अधिक एक.
पेन तिथेच थांबतं.
खाली कुणीतरी फावड्याने बर्फ ओढतंय.

"तो मेला, कसं म्हणतात?"
इल ए मॉर. शेवटी त आहे, तो लिहायचा आणि गिळायचा.
"आणि ती?"
एल ए मॉर्त.
"त ऐकू येतो?"
येतो. ते मुकं अक्षर स्वतः बोलत नाही,
पण आपल्या अलीकडच्याला जागं करतं.

एल ए मॉर्त, ती म्हणते.
पुन्हा म्हणते. दुसऱ्यांदा जीभ दातांवर नेमकी टेकते,
सुरी फळीवर टेकावी तशी.

"उत्तम!" मी बोलून गेले.
चौतीस वर्षांत इतकं चुकीच्या पेटीत टाकलेलं
दुसरं पत्र मला आठवत नाही.

झुराब ग्रीसची नखं बघत राहिला.
नस्रतचे ओठ अजून पुढेच होते, शिट्टीविना.
तिने वहीवरचा खवला नखाने काढला,
पान उलटलं नाही.
"पुढचं?"

पुढचं जन्मणे, मी म्हटलं.
त्यालाही ते अक्षर लागतं.
पण तिथे काहीच ऐकू येत नाही.