आंगन हाये का?

बस काटोल नाक्यावरच सोडून गेली.
पुढं सहा सिटांच्या ऑटोत मी आणि वत्सला गजभिये,
आठवी आणि नववी.
तिच्या मांडीवर चार रिकाम्या पिशव्या.
माझ्या मनात एकच शेवंती, ती पण लहान,
कारण बाल्कनी चार फूट बाय सहा
आणि त्यात कूलरचं स्टँड.

फेटरीच्या अलीकडे पुठ्ठ्यावर खडूनं :
रोपांची जत्रा. प्रवेश मोफत. कुत्री आणू नयेत.
एक कुत्रा गेटातच झोपला होता,
त्याला ओलांडून आत गेलो.

भोयरांच्या बागेत आंबिया फुटलेला,
इतका, की वत्सलाचं बोलणं
तीन झाडं बंद पडलं.
एका ओळीत मृगाची संत्री अजून फांदीला,
शेजारच्या ओळीत पांढरी कळी,
एका बांधावर दोन पंचांगं.

तुराट्यांच्या मांडवाखाली काळ्या पिशव्या, पत्र्याचे डबे,
तेलाच्या पिंपात ब्रह्मकमळ, पिंपावर अजून तेलाचा भाव.
एक पोट्टा जंभेरीच्या खुंटावर डोळा बांधून दाखवत होता.
साल उचलली, डोळा सरकवला, पट्टी गुंडाळली,
म्हणाला, आता वीस दिवस याच्याकडे कोणी पाहू नका.
आम्ही खरंच मान वळवली.

वत्सलानं मोगरा साठाचा चाळीसला आणला
वर मूठभर शेणखत मागून घेतलं.
माझी शेवंती मिळाली नाही.
होती, पण पिवळी. मला पिवळी नको होती.

शेवटी, बाभळीखाली, मांडवाच्या बाहेर
जानकाबाई मडावी. नाव नंतर कळलं.
पुढ्यात सात पिशव्या, सातांत एकच झाड,
बोटभर उंची आणि काटे आधीच आलेले.
कवठ.
मी म्हटलं, केवढ्याला?
ती म्हणाली, आंगन हाये का?

भाव नाही. अंगण.

हाये, मी म्हटलं.
छत्तीस वर्षं पोस्टात काढली,
तिथं शिक्काच तारीख मारतो, खोटं बोलायला जागा नसते.
ती सगळी शिल्लक त्या बाभळीखाली बाहेर आली.
केवढं हाये?
विहीर आहे, मी म्हटलं. विहीर कुठून आली देव जाणे.
आणि विहिरीच्या कडेला जांभूळ.
वत्सला मोगऱ्याच्या फांद्यांमधून
माझ्याकडे पाहून राहिली होती.

दहा वर्सं फळ धरत नाही बाई. बारा बी लागतात.
थांबशीन?
थांबीन.
हे खोटं होतं की खरं
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सातांतलं तिनं दिलंच नाही.
पाठीमागून आठवं काढलं, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं.
वीस म्हणाली. सुटे पंधराच निघाले, पंधरा घेतले.
उठता उठता म्हणाली,
जांभळापासून लांब लाव हो,
जांभूळ सारं पानी पेते.

परतीच्या ऑटोत पिशवीतून काटा मांडीला लागत होता.
एक पान चुरगळलं तर बडीशेपेचा वास.
वत्सला गोरेवाड्यापर्यंत गप्प,
मग एवढंच : विहीर काहून सांगितली वं?

रात्री अकराला टॉर्च घेऊन तीन मजले उतरले.
मीटरच्या पेटीमागे, ठवकरांच्या स्कूटरपलीकडे
पार्किंगच्या फरशीला एक पट्टी चुकली आहे.
मिस्त्री विसरला असेल, किंवा फरशी कमी पडली.
वितीनं मोजली. रुंदीला अडीच वीत,
लांबीला सात, आणि खाली माती, खरोखरची,
ओली सुद्धा, कुणाचा तरी पाइप गळतो.

उकिडवी बसून जागा धरली.
मग उगाच उठले
आणि दोन पावलं डावीकडे सरकले,
जांभळापासून लांब.