खुंटीला काही झालेलं नाही

लोहामंडीतून गणोजी फणसे आले,
हातांना ग्रीसचा वास, साबणाला न जुमानणारा.
खालची दाढ, डावीकडची.
"ठणकत नाही," म्हणाले, "फक्त चावलं की
आत कुणीतरी दार किलकिलं करतं."

एक्स-रे उजेडाला धरला.
मुळाच्या कडेने खाली उतरलेली काळपट सावली,
नळ गळत असला की भिंतीत ओल उतरते तशी.
आणि मधोमध पांढरीशुभ्र, ताठ,
माझीच खुंटी.

सतरा वर्षांपूर्वी, मल्हारगंजात दवाखाना नवा,
पेशंट बोटांवर मोजण्याइतके,
तेव्हा मीच बसवली होती. पोलादी.
नस काढून झाल्यावर पोकळ उरलेल्या दाताला
आधार द्यायचा तर तो भक्कमच हवा,
असं वाटायचं.
शिकवलंही तसंच होतं, पण ते जाऊ दे,
हात माझा होता.

नंतर वाचत गेले.
दात कठीण असतो, पण हट्टी नसतो.
घासागणिक वाकतो, डोळ्याला दिसणार नाही इतका,
आणि परत जागेवर येतो.
पोलाद त्याच्याहून दहापट ताठ.
दात वाकू बघतो, पोलाद नाही म्हणतं,
आणि त्या नाहीचा सगळा भार
खुंटीच्या टोकाशी साचतो,
खोल, जिथे मूळ निमुळतं होत जातं,
जिथे ब्रश पोचत नाही, जीभ नाही,
माझा आरसाही नाही.
कॉम्प्युटरवरच्या चित्रात ती जागा लाल दिसते.
तंतूंची खुंटी घातली
की लाल वर सरकतं, हिरडीपाशी येतं,
पसरून पिवळं होतं.
जात मात्र नाही.
ताण कुठे जात नसतो.
फक्त जागा निवडतो.

हे सगळं त्यांना सांगायला हवं होतं.
म्हटलं एवढंच, "मुळाला चीर गेलीय. काढावी लागेल.
आणि ती खुंटी, काका, मी जरा..."

"बाई, मी पाट्यांचं काम करतो," ते म्हणाले.
"ट्रकच्या पाट्यांचं.
देवासचा एक गिट्टीवाला होता.
दर खेपेला म्हणे, अजून एक पाटा चढवा,
माल भरला की गाडी दबायला नको.
चढवला. चढवला. चढवला.
गाडी दबली नाही.
मानपूरच्या घाटात चेसिस चिरली."

"आणि पाटे?"

"नवेच्या नवे.
दुसऱ्या गाडीला लावले मी."

मग इंजेक्शनने ओठ जड झाला
आणि ते गप्प बसले,
माझ्या हातांकडे बघत,
एका कारागिराने दुसऱ्याकडे बघावं तसे,
म्हणजे जरा जास्तच नीट.

दाढ दोन तुकड्यांत निघाली.
ट्रेमध्ये टाकली तेव्हा
वाजली ती फक्त खुंटी.
पुसून पाहिली.
सतरा वर्षांत एक ओरखडा नाही.
जाहिरातीत छापावी अशी.

पुढची दाढही आतून पोकळ आहे,
पण तिची कड शाबूत, हिरडीच्या वर दोन मिलिमीटर,
सगळीकडून, पिंपाला पट्टी असते तशी.
तेवढ्यावर पुष्कळ काही उभं राहतं.
म्हटलं, गुरुवारी या.
या वेळी काचेच्या तंतूंची घालू.
ही कदाचित सुटून हातात येईल कधीतरी.
आली तर परत चिकटवू,
मूळ तरी राहील.

कापसावर दाबलेल्या तोंडाने ते पुटपुटले,
"वाकेल?"

"दाताइतकीच."

अंगठा आणि तर्जनीत त्यांनी
हवेतलाच एक पाटा धरला,
दाबला, सोडला,
पुन्हा दाबला.
हिशेब जमला असावा.

जिना उतरता उतरता थांबले, मागे वळले,
कापूस गालात सरकवून म्हणाले,
"शेव कधीपासून चालेल?"