दुसरा पडत नाही

सोनटक्के येतात ते पहिल्यावरच,
इंजिन केकाटत, किसननगरपासून.
रोड नंबर सोळाच्या तोंडाशी माझं शटर,
गाडी स्टँडवर चढवतात, एवढंच म्हणतात :
दुसरा पडत नाही.

गाडी एक्क्याण्णवची. एक खाली, तीन वर.
टाकीवर त्यांच्या कंपनीचं स्टिकर अजून आहे.
कंपनी नाही. तिथे आता काच आहे, नऊ मजले,
तळाला कॉफी मिळते.

मी स्वस्तापासून सुरू करतो. आधी केबल.
लिव्हरच्या तोंडाशी प्ले बघत होतो
तर मागून म्हणाले, तीन मिलिमीटर.
मोजला. तीनच.
एकतीस वर्षं टूलरूम, डोळ्यातच पट्टी.
मग ऑइल. काळं, पातळ.
बोटांत चोळून वास घेतला. त्यांनीही घेतला.
कीस नव्हता, म्हणजे आत दात शाबूत.
उपवनच्या वळणापर्यंत जाऊन आलो.
खट्, खट्, खट्,
पोस्टातल्या शिक्क्यासारखे पडले सगळे.

शुक्रवारी परत. दुसरा पडत नाही.

क्लचचं कव्हर उघडलं. प्लेटा ठीक.
बास्केटला खाचा पडलेल्या, कानस मारली.
रिटर्न स्प्रिंग थकलेली, नवी घातली,
जुनी त्यांनी मागून घेतली, रुमालात बांधली.
येऊरच्या फाटकापर्यंत चढलो, उतरलो.
सगळे पडले.

मंगळवारी परत.

आता उरला फोर्क.
म्हणजे इंजिन उतरवा, केस फोडा,
दोन दिवस, पाच हजार.
आकडा जिभेवर आला होता.
का कुणास ठाऊक, म्हटलं,
काका, तुम्ही चालवा, मी मागे बसतो.

वीस वर्षांत मी कुणाच्या मागे बसलो नव्हतो.
मागून गाडी वेगळी असते.
समोर पाठ असते फक्त,
इस्त्रीची, घामाने मधोमध ओली.

वर्तकनगरच्या नाक्याआधी त्यांनी क्लच दाबला. बरोबर.
रेस सोडली. बरोबर.
डावा पाय दांडीखाली गेला
आणि तिथेच राहिला.
गुडघा वर आला, खांदा वर आला,
मानेची शीर ताठ झाली.
पंजा नाही आला.
गिअर उचलून उचलून बुटाच्या नाकावर
काळा डाग पडतो, सगळ्यांच्याच पडतो.
या बुटावर नव्हता.
बूट काही नवा नव्हता.

मागून टीएमटीने भोंगा दिला.
बघितलंस, ते म्हणाले, पडत नाही.
हो, म्हटलं, बघितलं.

रात्री राबोडीच्या भंगारातून
टाच-पंजाची दुहेरी दांडी आणली.
शाफ्टवर बसेना. घासली, परत बसवली, परत घासली,
मागचा हात थोडा लांब हवा होता,
कापून वेल्डिंग मारलं.
आता उचलायला काही नको.
टाच टाकली की पुढचा गिअर.

बुधवारी आले. वाकले.
दांडी बराच वेळ बघितली.
या मॉडेलला ही नव्हती.
नव्हती, म्हटलं.
वेल्डिंगवरून अंगठा फिरवला,
जिथे मी जरा घाई केली होती
तिथे थांबला.
फोर्क उघडलास?
नाही.
पायाकडे बघितलं नाही त्यांनी. मीही नाही.
किती?
एकशे ऐंशी.
दोनशे दिले, वीस मागून घेतले.

मी चिंधीने हात पुसत शटरपाशी उभा.
आवाज चढत गेला, चढत गेला,
केकाटायच्या बेतात आला
आणि खट्,
खाली बसला.
पुढे वळणाला डंपर होता.
तिसरा पडला की नाही, ऐकू आलं नाही.

शनिवारी परत.
टाचेखाली रबर लाव म्हणाले,
वाजतं.