दहापर्यंत

यंग्सटाउनच्या या बारमध्ये पडदे दोन.
डावीकडच्यावर बॉक्सिंग. त्याच्यासमोर मी आणि
पोलादाच्या भट्टीवरून घरी बसवलेले तिघं म्हातारे.
उजवीकडे जाळीचा पिंजरा,
बाकी सगळी तरणी पोरं तिकडं.

मला कुस्तीचं वावडं नाही.
पण माणूस खाली पडला
की तिथं खरं काम सुरू होतं;
छातीवर बसायचं, कोपरानं फोडायचं.
आमच्यात पडलेल्यासाठी अख्खं सभागृह थांबतं.
मारणारा मुकाट कोपऱ्यात जातो
आणि पंच बोटं दाखवत मोजतो: एक, दोन...
भट्टी बंद झाली तेव्हा या गावासाठी
कुणी तीनपर्यंतसुद्धा मोजलं नाही.

मी अशी तावातावानं बोलते, तर नीको,
माझा भाचा, पिंजऱ्यात कान चुरगळून घेतलेला,
म्हणतो, "आत्या, आम्ही चटईवर थाप मारतो.
संपलं. घरी जाऊन जेवतो.
तुमच्यात 'पुरे' कसं म्हणतात?"

टॉवेल टाकतात, म्हटलं.
पण तो असतो दुसऱ्याच्या हातात.

त्याचा बाप लिओ नऊला उठायचा.
दर वेळी नऊला.
मी खुर्चीवर चढून घसा फोडायचे, ऊठ, ऊठ.
आता रविवारी त्याला सूप भरवते.
चमचा जवळ नेला
की तो हनुवटी छातीशी घेतो,
दोन्ही मुठी गालाशी.
सूप निवतं.

नीको काही बोलत नाही. मीही नाही.
मग घंटा होते.
ग्लोरिया, डावीकडचा आवाज वाढव जरा.